नियम आणि नातें : पंडिता रमाबाईंच्या पत्रव्यवहारावरून

कापूरहोळ हें भोर तालुक्यांतील पुणें-सातारा रस्त्यावरचें गांव इतिहासवाचकांस धाराऊ गाडे हिच्यामुळें परिचित आहे. इ.स. १६५७ च्या मे महिन्यांत पुरंदरावर संभाजीराजांचा जन्म झाला, तेव्हां त्यांस दूध पाजण्याकरितां कापूरहोळच्या गाड्यांच्या घरची धाराऊ गडावर गेली. आणि १६५९ सालीं सईबाई निवर्तल्यावर तर ती त्या बालकाची आईच होऊन बसली. सात मातांची गणना करणाऱ्या प्रसिद्ध सुभाषितांत धात्रीचें नांव आहेच. परंतु धाराऊचें मातृत्व सुभाषितानें ठरविलेलें नव्हतें. तें दुधानें ठरलें.

याच गांवावरून एक रस्ता नारायणपूरवरून सासवडास जातो, व तेथून पूर्वेस दौंडच्या बाजूला गेलें म्हणजे केडगांव लागतें. दक्षिणेचा थोरला रस्ता साताऱ्यास जातो. केडगांवीं पंडिता रमाबाईंचें मुक्तिसदन आहे. साताऱ्यास १९१७ सालीं रेव्हरंड नारायण वामन टिळकांनीं 'देवाचा दरबार' मांडला. दोन्ही ठिकाणीं मूळ प्रश्न एकच होता. ख्रिस्ती होणें म्हणजे एक नियमावली टाकून दुसरी पत्करणें, कीं ख्रिस्ताशीं नातें जोडणें? धाराऊच्या गांवीं बसून या प्रश्नाचा विचार करावासा वाटला, यांत नवल तें काय? प्रस्तुत लेखांत मुख्यतः रमाबाईंच्या पत्रांचा व शेवटीं टिळकांच्या दरबाराचा विचार केला आहे.

प्रथम 'धर्म' या शब्दाविषयीं थोडें सांगितलें पाहिजे, कारण आमच्याकडील बहुतेक घोटाळा त्या शब्दांतूनच निघाला आहे. जैमिनीनें धर्माचें लक्षण विधिवाक्यावर बसविलें. स्मृतिकारांनीं वर्ण, आश्रम, आचार व प्रायश्चित्त यांच्या द्वारें त्याचा विस्तार केला. अर्थात् 'धर्म' म्हटला कीं काय खावें, कोणाच्या हातचें प्यावें, कोणास शिवावें हें आधीं डोळ्यांपुढें येतें. देवाशीं असलेल्या जवळिकीस आमच्या भाषेंत निराळा शब्द आहे, तो 'भक्ति'. नारदाच्या भक्तिसूत्रांत अकरा आसक्ति सांगितल्या आहेत, त्यांत दास्य, सख्य, वात्सल्य व कांताभाव हीं उघड उघड नातींच आहेत. ख्रिस्ती मताच्या इंग्रजी नांवास मिशनरी पंडितांनीं 'धर्म' हाच शब्द योजिला व 'ख्रिस्ती धर्म' हा प्रयोग रूढ झाला. तेव्हां हिंदु वाचकानें तीहि एक आचारसंहिताच समजली तर त्यास दोष देतां येत नाहीं.

त्यांतून ही समजूत एकट्या हिंदूंचीच होती असेंहि नव्हे. गोव्याच्या इन्क्विझिशननें १७३६ सालीं काढलेला हुकूमनामा ज्यांनीं पाहिला असेल त्यांस हें सांगावयास नको. बाटलेल्यांनीं धोतर नेसूं नये, अंगणांत तुळस ठेवूं नये, मिठावांचून भात शिजवूं नये, इतक्या बारकाईनें तेथें निषेध घातले आहेत. मीठ घातलेला भात ख्रिस्ती व अळणी भात हिंदु, असा हा शास्त्रार्थ! आमच्या प्रायश्चित्तमयूखाच्या कर्त्यासहि हें कलम सहज पसंत पडलें असतें.

आतां रमाबाईंकडे वळूं. त्यांचें चरित्र प्रसिद्ध असल्यानें थोडक्यांत सांगतों. जन्म २३ एप्रिल १८५८. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनीं पत्नीस संस्कृत शिकविलें व पत्नीनें मुलीस. १८७४ च्या सुमारास दुष्काळांत मातापिता गेलीं. १८७८ सालीं कलकत्त्यास 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या मिळाल्या. १८८० सालीं भाऊ श्रीनिवास वारला, त्याच वर्षीं बिपिनबिहारी दास मेधावी यांच्याशीं नोंदणी पद्धतीनें विवाह झाला, आणि ४ फेब्रुवारी १८८२ रोजीं वैधव्य आलें. पदरीं मनोरमा ही तान्ही मुलगी होती. पुण्यास येऊन त्यांनीं आर्य महिला समाज स्थापिला व 'स्त्रीधर्मनीति' हें पुस्तक लिहिलें. त्या पुस्तकाचें नांव ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. धर्म व नीति, दोन्ही शब्द विधिनिषेधाचे. १८८३ च्या वसंतांत त्या इंग्लंडास गेल्या, वाँटेज येथील सेंट मेरीच्या भगिनीसमाजांत राहिल्या, आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजीं मायलेकींचा बाप्तिस्मा झाला.

बाप्तिस्म्यापूर्वीं दोन गोष्टींचा परिणाम झाल्याचें त्या स्वतः सांगतात. एक, काशीकर नीलकंठशास्त्री गोरे यांचें लेखन. हे गोरेशास्त्री १८४८ सालीं ख्रिस्ती होऊन नेहेम्या गोरे झाले होते. षड्दर्शनांचें खंडन करणारा हा पंडित युक्तिवादानें रमाबाईंची बुद्धि वळवूं शकला. दुसरी गोष्ट फुलहॅम येथील. तेथें वांकड्या मार्गास लागलेल्या स्त्रियांकरितां भगिनींनीं चालविलेलें आश्रयस्थान रमाबाईंनीं पाहिलें. स्मृतींत अशा स्त्रियांस दंड आहे, आणि येथें त्यांची शुश्रूषा चालली आहे, हें पाहून त्यांनीं कारण विचारलें. तेव्हां एका भगिनीनें योहानाच्या शुभवर्तमानांतील शोमरोनी स्त्रीची गोष्ट त्यांस वाचून दाखविली. विहिरीवर पाणी भरावयास आलेल्या, परजातीच्या, पांच नवरे झालेल्या बाईशीं ख्रिस्त बोलत बसतो, तिच्याच हातचें पाणी मागतो. स्पर्शास्पर्शाचा नियम मोडून संभाषण सुरू होतें व त्यांतून नातें जुळतें. शास्त्र्याच्या मुलीला या प्रसंगाचा अर्थ कोणी उलगडून सांगण्याची गरज नव्हती.

बाप्तिस्मा झाला आणि लगेच वाद सुरू झाला. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन या रमाबाईंच्या धर्ममाता. या दोघींची, तसेंच चेल्टनहॅम येथील स्त्रियांच्या कॉलेजाच्या मुख्याध्यापिका डॉरोथिया बील यांची व इतरांचीं पत्रें जेराल्डीनबाईंनीं जपून ठेवून संकलित केलीं. तो संग्रह महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृति मंडळानें १९७७ सालीं अ. भि. शहा यांच्या संपादकत्वाखालीं प्रसिद्ध केला. संग्राहकांनीं येथें एक गोष्ट अवश्य लक्षांत घ्यावी. हीं पत्रें जपलीं तीं वादांतील प्रतिपक्षानें. जागोजाग जेराल्डीनबाईंचे अभिप्राय आहेत, ते बहुधा रमाबाईंस प्रतिकूल आहेत. परंतु स्वतःस झोंबणारीं पत्रेंहि बाईंनीं गाळलीं नाहींत. आपल्याकडील किती घराण्यांनीं विरुद्ध पक्षाचीं पत्रें अशीं राखलीं असतील, याचा विचार ज्यानें त्यानें करावा.

वादाचे विषय वरवर पाहतां क्षुल्लक वाटतात. रमाबाई मांस खात नसत. अंडें घातलेलें पक्वान्नहि टाळीत. भगिनींस यांत जातीचा अहंकार शिल्लक राहिलेला दिसला. रमाबाईंचें उत्तर असें कीं आपण हिंदु आहोंत, पूर्वजांच्या रीति शक्य तों पाळण्यांत आपणांस संतोष आहे, व त्यापायीं ख्रिस्तास कांहीं उणें येत नाहीं. गळ्यांत घालावयाच्या क्रूसावर लॅटिन अक्षरें होतीं. रमाबाईंनीं विचारलें कीं ब्राह्मणांस जशी संस्कृत पवित्र वाटते तशी तुम्हांस लॅटिन वाटते काय? आपणांस संस्कृत पवित्र म्हणून नव्हे, तर मायदेशाची प्राचीन व सुंदर भाषा म्हणून प्रिय आहे. अक्षरें हवींच असतील तर तीं संस्कृत असावींत. संस्कृताचा अभिमान वाहणारे आम्ही मास्तर लोक या पत्रावर खूष होतों. परंतु त्यांतील खरी मेख दुसरीच आहे. एक देवभाषा सोडून दुसरी देवभाषा घेण्यास बाई तयार नव्हत्या.

१८८४ सालीं याहून गंभीर प्रसंग आला. रमाबाईंनीं पुरुष विद्यार्थ्यांस शिकवावें कीं नाहीं असा प्रश्न निघाला, आणि मुंबईच्या व लाहोरच्या बिशपांनीं विरोध केला. हिंदुस्थानांत तिचें वजन राहणार नाहीं, हें त्यांचें कारण. रमाबाईंनीं मिस बील यांस कळविलें कीं आपल्या आईनें तरुण मुलांस शिकविलें त्यास वडिलांनीं हरकत घेतली नाहीं, आपण शिकविलें त्यास नवऱ्यानें वा कोणत्याहि बंगाली-मराठी गृहस्थानें घेतली नाहीं. आणि आतां मोकळ्या म्हणविणाऱ्या देशांत ही मनाई! विरोधाचें हें टोंक बोचरें आहे. अनंतशास्त्री डोंगरे धर्मशास्त्राचे बंदे, पण मुलीच्या बाबतींत बिशपांहून मोकळे निघाले.

यानंतर वाद थेट मतांवर आला. ख्रिस्त देवाचा अभिषिक्त आहे हें रमाबाईंस मान्य होतें, परंतु त्रैक्याचें सूत्र जसें अथनेशियाच्या मतांगीकारांत बांधलें आहे तसें उच्चारण्यास त्यांची बुद्धि तयार होईना. मनोरमेस तें शिकविण्यासहि त्यांनीं आक्षेप घेतला. जेराल्डीनबाईंस हा गर्व वाटला. चर्चच्या अधिकारापुढें नम्र होणें हाच त्यांच्या मतें श्रद्धेचा आरंभ होता. १२ मे १८८५ च्या पत्रांत रमाबाईंनीं याचें जें उत्तर दिलें तें सबंध पत्रव्यवहाराचा कळस म्हणतां येईल. आपणांस सदसद्विवेक आहे, स्वतःचा निर्णय आहे. हिंदुस्थानांतील पुरोहितवर्गाच्या जोखडांतून मोठ्या कष्टानें मान काढून घेतली ती तसल्याच दुसऱ्या जोखडांत घालण्यासाठीं नव्हे. पुरोहित सांगतील तें तें परमेश्वराची आज्ञा म्हणून आपण स्वीकारणार नाहीं, असा त्यांचा भावार्थ आहे.

जेराल्डीनबाईंच्या बाजूसहि न्याय केला पाहिजे. ख्रिस्त आपणांस ठाऊक झाला तो चर्चनें अठराशें वर्षें त्याची स्मृति राखिली म्हणून. तो राखणदारच झिडकारला तर उद्यां प्रत्येकजण आपापला ख्रिस्त कल्पूं लागेल, ही त्यांची धास्ती पोकळ नव्हती. स्वतः गोरेशास्त्री याच मताचे होते. शंकेनें जन्मभर पोळलेल्या त्या पुरुषानें शेवटीं चर्चच्या अधिकारवाणीचाच आधार घट्ट धरला. एकाच बापाच्या वळणाचे वाटावेत असे हे दोन संस्कृत पंडित, पण एकास अधिकारांत विसांवा मिळाला व दुसरीस तेथें गुदमरल्यासारखें झालें.

आणि एवढ्या वादांतहि रमाबाईंचीं पत्रें सुरू होतात तीं कशीं? 'आजीबाई' म्हणून! मनोरमेच्या नात्यानें जेराल्डीनबाई आजी ठरल्या, आणि अथनेशियस आडवा आला तरी त्या आजीच राहिल्या. इंग्रजी पत्रांत हा मराठी शब्द पुन्हा पुन्हा भेटतो. 'धर्ममाता' हें चर्चच्या नियमानें दिलेलें पद. 'आजीबाई' हें रमाबाईंनीं जोडलेलें नातें. धर्ममातेची आज्ञा त्यांनीं मोडली, आजीबाईस मात्र सोडलें नाहीं. संपूर्ण वादांतील रमाबाईंची भूमिका एका शब्दांत पाहावयाची असेल तर ती या संबोधनांत दिसते.

१८८६ सालीं त्या आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानाकरितां अमेरिकेस गेल्या. तेथें ख्रिस्ती पंथांची गर्दी पाहून त्या आणखीच गोंधळल्या. ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस शारदासदन निघालें व नोव्हेंबर १८९० मध्यें तें पुण्यास आलें.

त्याच्या आदल्याच महिन्यांत पुण्यांत काय घडलें होतें तें आठवावें. ऑक्टोबर १८९० मध्यें पंचहौद मिशनांत व्याख्यानाच्या निमित्तानें जमलेल्या मंडळींपुढें चहा-बिस्किटें आलीं. कोणी घेतलीं, कोणी नुसतीं शिवलीं. गोपाळराव जोशांनीं नांवें छापून आणलीं आणि गांवांत वणवा पेटला. न्यायमूर्ति रानडे व लोकमान्य टिळक हे दोघेहि त्या यादींत होते. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें व प्रायश्चित्ताचा खल १८९२ पर्यंत चालला. एक पेला चहा धर्म बुडवितो कीं नाहीं, यावर शहरांतील उत्तमोत्तम बुद्धि खर्च होत होती. आणि त्याच शहरांत रमाबाई १८९१ सालीं अगदीं निराळ्या कारणानें अस्वस्थ होत्या. विल्यम हॅसलम नांवाच्या इंग्रज पाद्र्याचें आत्मवृत्त त्यांनीं वाचलें. वर्षानुवर्षें चर्चचें काम करून एके दिवशीं स्वतःच्याच प्रवचनानें ज्याचें परिवर्तन झालें असा तो पाद्री. तें वाचून रमाबाईंस उमगलें कीं बाप्तिस्म्यास आठ वर्षें झालीं, आपणांस ख्रिस्ती धर्म लाभला खरा, पण ज्याच्यामुळें त्या धर्मांत जीव आहे तो ख्रिस्त लाभला नाहीं. १९०७ सालीं लिहिलेल्या आपल्या साक्षींत त्यांनीं हा भेद स्पष्ट मांडला आहे. वाँटेजच्या वादांत चर्चचा नियम त्यांनीं नाकारला होता. पण नकार म्हणजे नातें नव्हे, हें त्यांस आतां कळलें. आजवर त्या बुद्धीनें ख्रिस्ती होत्या. या प्रांजळपणाला तोड नाहीं.

या आंतरिक बदलाचा बाह्य परिणाम १८९३ च्या वादळांत झाला, आणि येथेंच इतिहासकारांनीं आजवर ओढाताण केली आहे. एक पक्ष म्हणतो, रमाबाईंनीं वचन मोडलें. दुसरा म्हणतो, सनातन्यांनीं छळ केला. वचन काय होतें तें पाहावें. सदनांत धर्मप्रचार होणार नाहीं, मुलींच्या जातिधर्मास धक्का लागणार नाहीं, असें तें होतें, आणि सोंवळें, स्वैंपाक, देवपूजा यांबाबत मुलींस मोकळीक होती. म्हणजे 'धर्म' शब्दाचा जो अर्थ पुण्यास ठाऊक होता त्या अर्थानें वचन पाळलें जात होतें. परंतु रमाबाई स्वतःच्या खोलींत दार उघडें ठेवून प्रार्थना करीत, आणि कांहीं मुली तेथें येऊन बसूं लागल्या. कोणाच्या हातचें खाऊं नये याचा नियम करतां येतो. कोणाजवळ बसूं नये, कोणावर माया करूं नये, याचा करतां येत नाहीं. तळमळीनें प्रार्थना करणारी, आईप्रमाणें जवळ घेणारी बाई पाहून पोरक्या विधवा मुली ओढल्या गेल्या. रानडे, भांडारकर प्रभृति सल्लागारांनीं अंग काढून घेतलें, सुमारें पंचवीस मुली पालकांनीं परत नेल्या.

माझ्या मतें उभय पक्ष आपापल्या परी खरे बोलत होते. सल्लागारांनीं आचारापुरती हमी घेतली होती व विश्वासाची ओढ दृष्टीआड केली होती. रमाबाईंनीं आचाराची हमी दिली व ती पाळलीहि, पण आपल्या घरांत आपण उघडपणें देवाशीं बोलणें हें प्रचारांत मोडत नाहीं असें मानलें. यांतील दुसरें मानणें कांहींसें भाबडें होतें, हें बोलल्यावांचून राहवत नाहीं. उघड्या दाराचा अर्थ त्यांस कळला नसेल असें नव्हे. तथापि पालकांचा संताप हा केवळ दुराग्रह नव्हता. ज्या मुलीस सासर-माहेर दोन्हीं पारखीं झालीं होतीं तिनें नवें नातें जोडलें, म्हणजे उरलेला धागाहि तुटणार, ही भीति त्यांच्या मागें होती.

पुढें केडगांवीं मुक्तिसदन वाढलें. १८९६-९७ व १९०० च्या दुष्काळांतील निराश्रित मुलीबायका घेऊन तेथील संख्या सुमारें दोन हजारांवर गेली. १९०५ सालीं तेथें जें मोठें प्रार्थना-जागरण झालें त्यांत मुली रडत, गात, रात्ररात्र प्रार्थना करीत. परंपरेच्या मिशनरींस तें अतिरेकी वाटलें. अर्थात् दोन हजार माणसांचें घर शिस्तीवांचून चालत नाहीं, आणि रमाबाईंची शिस्त कडक होती. त्यांस नियमद्वेष्ट्या ठरविणारे हें विसरतात. नियम त्यांस वर्ज्य नव्हते. नियमानें देव भेटतो ही समजूत वर्ज्य होती.

शेवटचीं वर्षें त्यांनीं हिब्रू व ग्रीक शिकून मूळावरून बायबलाचें मराठी भाषांतर करण्यांत घालविलीं. १९२१ च्या जुलैंत मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ रोजीं, काम हातावेगळें करून, रमाबाई गेल्या. ग्रंथ १९२४ सालीं बाहेर पडला. कलकत्त्याच्या पंडितांनीं जिला सरस्वती म्हटलें तिनें या भाषांतरांत संस्कृतप्रचुर शब्द बुद्ध्या टाळले, गांवढ्या बाईस समजेल अशी भाषा धरली. भाषेच्या दृष्टीनें तें ओबडधोबड आहे, आणि माझ्या कानास तें अनेक ठिकाणीं खटकतें. परंतु क्रूसावर संस्कृत मागणाऱ्या बाईनेंच हें केलें आहे, तेव्हां त्यांत अज्ञान नाहीं. दुभाष्यावांचून बोलणें व्हावें हा हेतु आहे.

साताऱ्याचें प्रकरण याहून लहान, पण एका पायरीनें पुढचें आहे. ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस झाला. पत्नी लक्ष्मीबाई त्यानंतर कित्येक वर्षें दूर राहिल्या. त्यांच्या मनांतून जातिभेद गेला तो बाप्तिस्मा घेण्यापूर्वीं, कोणी नियम घातला म्हणून नव्हे, हें 'स्मृतिचित्रे' वाचणारांस माहीत आहे. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलों असें टिळक म्हणत, व आपल्या अभंगांत ख्रिस्तास माउली म्हणून हांक मारीत. वीस-बावीस वर्षें अमेरिकन मराठी मिशनांत काढल्यावर १९१७ सालीं त्यांनीं मिशनची नोकरी सोडली, साताऱ्यास बिऱ्हाड नेलें व देवाच्या दरबाराची घोषणा केली. त्यांत बाप्तिस्मा झालेले व न झालेले असे दोन्हीं प्रकारचे ख्रिस्तशिष्य घ्यावयाचे होते. रमाबाईंनीं चर्चचा अधिकार नाकारला, पण बाप्तिस्मा हा उंबरठा ठेवला होता. टिळकांनीं तो उंबरठाहि प्रवेशाची अट म्हणून ठेविला नाहीं. ९ मे १९१९ रोजीं ते वारले व दरबार मूळ धरण्यापूर्वींच थांबला. 'ख्रिस्तायन' अपुरें राहिलें, तें लक्ष्मीबाईंनीं पुरें केलें.

संग्राहकांस एक विनंति. आजवर या विषयाचा जो विचार झाला तो बहुतेक इंग्रजी पत्रांवरून व वर्तमानपत्रांवरून. १८९० ते १८९३ या काळांत शारदासदनांतील मुलींनीं घरीं पाठविलेलीं मोडी अथवा बाळबोध पत्रें, पालकांनीं मुली परत नेतांना लिहिलेल्या चिठ्या, तसेंच देवाच्या दरबाराशीं संबंध असलेले, विशेषतः बाप्तिस्मा न घेतलेल्या सभासदांचे कागद, पुणें, भोर, वाई व सातारा या टापूंतील जुन्या दप्तरांत व पेट्यांत असण्याचा संभव आहे. असे कागद ज्यांच्या संग्रहीं असतील त्यांनीं ते मंडळाकडे नकलेसाठीं द्यावे. पत्राचा मायना फाटलेला असला तरी टाकूं नये. आजीबाई हा शब्द मायन्यांतच सांपडला आहे.